सत्तेचाळीस पास

सन १९८४-८५ च्या लेखापरीक्षण अहवालातला चौदावा परिच्छेद जेमतेम चार ओळींचा होता. सोलापूरकडच्या नाक्यावरून दिलेल्या ४७ रहदारी पासांच्या परतीच्या प्रती आढळून येत नाहीत, सबब तो माल शहर हद्दीतच उतरला असे समजून जकातीची रक्कम रु. ६,३१२ संबंधितांकडून वसूल करून भरणा करावी, अशा अर्थाचा. जकात म्हणजे गावात येणाऱ्या मालावरचा कर, आणि रहदारी पास म्हणजे गावातून नुसत्या पुढं जाणाऱ्या ट्रकाला नाक्यावर मिळणारी चिठ्ठी. संबंधित म्हणजे कोण, हे अहवालात नव्हतं. ते आमच्या सर्वसाधारण सभेनं ठरवलं, आणि त्याला दहा मिनिटंही लागली नाहीत. पासांवर ज्याची सही तो संबंधित. सूचक, अनुमोदक, ठराव सर्वानुमते मंजूर.

ती सही नाक्यावरच्या जकात कारकुनाची होती. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, मीही इथे तेवढंच म्हणतो. ६,३१२ रुपये म्हणजे त्यांचा साधारण आठ महिन्यांचा पगार. घरात तीन मुलं, आणि थोरलीचं लग्न त्याच वैशाखात ठरलेलं.

मी तेव्हा लेखा शाखेत कनिष्ठ लिपिक होतो. नगरपालिका सोलापूर जिल्ह्यातली, गाव रस्त्यावरचं, आठवडे बाजाराचं. गावाचं नाव सांगत नाही, कारण यातल्या बऱ्याच माणसांची मुलंनातवंडं आजही तिथंच राहतात. मुख्याधिकारी नवे होते. ठराव झाल्यावर त्यांनी मला बोलावलं आणि विचारलं, "वसुलीचा आदेश मी काढतो, पण त्याआधी हे ४७ ट्रक गेले कुठं ते कुणी बघितलंय का?" कुणीच बघितलेलं नव्हतं. त्यांनी मला पंधरा दिवस दिले आणि दोन दिवसांचा प्रवासभत्ता मंजूर केला. त्या पंधरा दिवसांची ही हकिगत. छोट्या नगरपालिकेत जबाबदारी कशी वरून खाली घरंगळत जाते, हे मला पुढच्या सगळ्या नोकरीत इतकं स्वच्छ कधी दिसलं नाही.

नाक्याचं काम कसं चालायचं

जकात आता विस्मरणात गेली आहे, म्हणून थोडं सांगायला हवं. सोलापुरात आजही लोक जुना पुणे नाका, विजापूर नाका, जुना तुळजापूर नाका म्हणतात, पण तिथं बांबू आडवा टाकून ट्रक उभे केलेले असायचे हे तरुणांना ठाऊक नसतं. सोलापूर १९६४ च्या १ मेपर्यंत नगरपालिकाच होतं, मग महानगरपालिका झाली. आमच्यासारख्या गावांचा कारभार १९६५ च्या महाराष्ट्र नगरपालिका अधिनियमानं आणि जकातीचं काम १९६८ च्या जकात नियमांनी चालायचं. घरपट्टी, पाणीपट्टी, बाजारातली बैठक फी सगळं होतं, पण पालिका जगायची ती जकातीवर. घरपट्टी वर्षाअखेरीस मागे लागून वसूल करावी लागायची. जकातीचे पैसे मात्र रोज संध्याकाळी पिशवीतून यायचे. सफाई कामगारांचा पगार अडला की आम्ही बाजारच्या दिवसाच्या भरण्याकडे डोळे लावून बसायचो. हे मी वाढवून सांगत नाही, रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, तशीच बोलायची.

जकात घ्यायची ती हद्दीत वापरासाठी, उपभोगासाठी किंवा विक्रीसाठी येणाऱ्या मालावर. जो माल फक्त गावातून पुढं जाणार, त्यावर जकात नाही. पण ट्रक एकदा आत शिरला की तो पुढं गेला की गल्लीत थांबला, हे कसं कळायचं? त्यासाठी रहदारी पास. आत येताना नाक्यावर चालक मालाची बिल्टी, म्हणजे वाहतुकीची पावती, दाखवायचा, कारकून तीन प्रतींत पास फाडायचा. स्थळप्रत पुस्तकात, एक कचेरीला, एक चालकाच्या हाती. जकातीइतकी रक्कम अनामत घ्यायची. पलीकडच्या नाक्यावर चालकानं आपली प्रत द्यायची, तिथल्या कारकुनानं ट्रकचा नंबर आणि माल ताडून बघायचा, बाहेर पडल्याची वेळ टाकायची आणि अनामत परत करायची. चालकाचे पैसे अडकलेले असल्यामुळे तो प्रत दिल्याशिवाय जायचा नाही. पैसा हाच पहारेकरी. पद्धत साधी आणि चांगली होती.

मग ४७ जण प्रत न देता गेले कसे?

सभागृहातली सतरंजी

मी पहिल्या दिवशी ४७ स्थळप्रतींच्या नकला केल्या आणि रविवारी रिकाम्या सभागृहात सतरंजीवर तारखेप्रमाणे मांडल्या. काही कळेना. मग वेळेप्रमाणे मांडल्या. ४७ पैकी एकही पास दिवसाचा नव्हता. सगळे रात्री नऊ ते पहाटे सहाच्या मधले.

सोमवारी अण्णांना विचारलं. ते आधीच खचलेले. म्हणाले, "रात्री अनामत घेऊ नका असा ठराव आहे की. तुम्ही बघितला नाही?"

मी बघितला नव्हता. लेखापरीक्षकांनी बघितला नव्हता. ज्या सभेनं अण्णांना दोषी धरलं, तिच्यातल्या निम्म्या सदस्यांनी तर तो ठराव स्वतः केला होता. प्रोसिडिंग बुकात दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातल्या सभेत तो सापडला. पलीकडचा नाका म्हणजे गावाबाहेर ओढ्यापलीकडची पत्र्याची शेड, वीज नाही, रात्रभर कंदील. अनामत परत करायची तर तिथं रात्री रोकड ठेवावी लागणार, आणि एकदा ती रोकड लुटली गेली होती. म्हणून सभेनं ठरवलं की रात्री अनामत न घेता फक्त पासची फी घेऊन ट्रक सोडावेत. चोरीची भीती खरी होती, ठरावामागचा हेतूही चांगला होता. पण पद्धतीतला पहारेकरी काढून घेतला आणि त्याच्या जागी कुणालाच बसवलं नाही.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. पलीकडच्या नाक्यावर रात्रपाळीला कारकूनच नव्हता. पद रिकामं होतं, आणि ते भरायला वरून मंजुरी लागायची. मंजुरीचा कागद जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नगरपालिका शाखेत जायचा आणि शंका लावून परत यायचा. तोवर रात्री तिथं एक रोजंदारीवरचा माणूस बसायचा. त्याला आम्ही अप्पा म्हणायचो. सही करण्यापुरतं लिहायला यायचं, नंबर वाचता यायचे, रजिस्टर भरता यायचं नाही. त्याच्यावर रजिस्टर भरण्याची जबाबदारी कागदोपत्री नव्हतीच, कारण रोजंदारीच्या माणसाला अशी जबाबदारी देता येत नाही. म्हणजे एका नाक्यावर सही करणारा माणूस होता, दुसऱ्या नाक्यावर कागदाच्या दृष्टीनं कुणीच नव्हतं. आक्षेप आला तेव्हा ज्याची सही होती तोच सापडला.

तार

अप्पांना विचारायला मी रात्री गेलो, दिवसा ते शेतात मजुरीला असायचे. बरोबर भाकरी नेली होती. त्यांनी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढं केली. मग मी विचारलं, "अप्पा, ट्रकवाले चिठ्ठी देतात का तुम्हाला?"

"देत्यात की. काही देत्यात, काही तसंच जात्यात. हात केला तरी थांबत न्हाईत."

"दिलेली चिठ्ठी कुठं ठेवता?"

"तारंला."

आणि त्यांनी कंदील वर केला. छताच्या लाकडाला एक तार वाकवून लटकवलेली होती, खाली आकडा, त्यात कागद खोवलेले. सकाळी दिवसपाळीचा कारकून यायचा आणि तारेतले कागद काढून कचेरीला पाठवायचा, असा रिवाज. पण ही तार चालू होती. जुन्या भरलेल्या तारा कुठं आहेत म्हटल्यावर अप्पांनी बाकाखालचं खताचं रिकामं पोतं ओढलं. दिवसपाळीचा कारकून मध्यंतरी तीन महिने आजारी रजेवर होता. त्या काळात तारा भरल्या, काढून पोत्यात ठेवल्या, कचेरीला कुणी पाठवल्याच नाहीत. कुणी मागितल्याही नाहीत.

पोतं पावसात भिजलेलं. कार्बनची अक्षरं पसरलेली, काही कागद एकमेकांना चिकटलेले. मी ते घरी आणून दोरीवर वाळत घातले. बायकोला वाटलं नोकरीतलं काही गेलं आणि माझं डोकं फिरलं. दोन दिवसांनी जुळवणी केली तेव्हा ४७ पैकी २६ पासांच्या प्रती त्यात निघाल्या. मी धावत अण्णांच्या घरी गेलो होतो, हे आठवतं. ते जेवत होते, ताटावरून उठले.

बाकी एकवीस

उरलेल्या २१ साठी कागद नव्हता, पण माझ्या डोक्यात एक गोष्ट आली आणि तिचा मला आजही अभिमान वाटतो. आमच्या गावातून बाहेर पडलेला ट्रक पुढच्या गावात शिरतो. तिथंही नगरपालिका आहे, तिथंही नाका आहे. आपल्याकडून गेला याचा पुरावा आपल्याकडे नसेल, पण तो त्यांच्याकडे आला याचा पुरावा त्यांच्याकडे असणारच. अहवालात कुठं म्हटलंय की पुरावा आपल्याच कचेरीतला हवा?

एक दिवस एसटीनं पुढच्या गावी गेलो. तिथल्या जकात निरीक्षकांनी आधी तुसडेपणा केला, मग अण्णांचं प्रकरण ऐकल्यावर स्वतः रजिस्टरं काढून दिली. नाक्यावरच्या माणसाला नाक्यावरच्या माणसाची भीती कळते. दुसरा दिवस सोलापुरात ट्रान्सपोर्टच्या कचेऱ्यांमध्ये घालवला. आमच्याकडून रात्री जाणारा माल बहुतेक सोलापूरहून निघालेला: चादरी, टॉवेल, सुताच्या गाठी, लोखंड. एका कचेरीतले मुनीम तेलुगूत हिशेब सांगायचे आणि मराठीत लिहायचे, त्यांनी बिल्टीचे जुने गठ्ठे मला दुपारभर उघडे ठेवले. एमएच १३ ही पाटी तेव्हा यायची होती. ट्रकांचे नंबर जुन्या तीन अक्षरी मालिकेतले, म्हणून मी फक्त शेवटचे चार आकडे आणि तारीख जुळवत होतो. पुढच्या गावच्या नोंदी आणि माल पोचल्याच्या सह्या असलेल्या बिल्ट्या मिळून १४ ट्रक ठामपणे हद्दीबाहेर गेल्याचं सिद्ध झालं.

७ उरले.

त्यांपैकी ५ पासांवर एकाच व्यापाऱ्याच्या मालाचा उल्लेख होता: वनस्पती तुपाचे डबे, काडेपेट्या, साबण. पुढं एका दूरच्या गावी पाठवला असं लिहिलेलं. हा व्यापारी आमच्याच गावचा, आणि एका नगरसेवकांचा सख्खा मेहुणा. ट्रक पुढच्या गावात शिरल्याची नोंद नाही. ट्रान्सपोर्टकडे बिल्टी होती, ती आमच्याच गावापर्यंतची.

खात्री करायची म्हणून मी हमालांच्या मुकादमाकडे गेलो. ते अक्कलकोटकडचे, वही कन्नडात. आमच्या घरात कन्नड बोललं जातं, मला वाचता येतं. रात्री उतरवलेल्या गाड्यांना हमाली जास्त, म्हणून मुकादम रात्रीची कामं वेगळ्या पानावर मांडायचे. पाचही तारखा त्या पानांवर होत्या. वही मिटून ते म्हणाले, "मालक, तुमी वाचलं ते वाचलं. माझं नाव मातुर कागदावर नको. मला ह्याच गावात वझं उचलायचंय." मी कुठंही लिहिलं नाही. आज इतक्या वर्षांनी एवढंच लिहितोय.

सभा

पंधराव्या दिवशी मी टिपणी दिली. मुख्याधिकाऱ्यांनी ती दोनदा वाचली आणि व्यापाऱ्याला नोटीस काढली, त्या पाच तारखांची खरेदीची बिलं घेऊन या म्हणून. हमालांचा उल्लेख नाही, आरोप नाही, फक्त बिलं मागितली. तिसऱ्या दिवशी व्यापाऱ्यानं नजरचुकीनं जकात भरायची राहिली असा अर्ज देऊन १,१४० रुपये भरले. जकात चुकवली तर दंडाची तरतूद कायद्यात होती आणि तो दंड चांगला मोठा होता. लावला गेला नाही. मुख्याधिकारी मला म्हणाले, दंड लावला तर प्रकरण अपिलात जाईल, साक्षीदार लागेल, आणि तुमच्या मुकादमाला पुढं यावं लागेल. त्यांचं म्हणणं मला तेव्हा पटलं. आता अर्धंच पटतं.

पुढच्या सर्वसाधारण सभेत आधीचा वसुलीचा ठराव दुरुस्त करण्याचा विषय होता. ज्या सदस्यांनी तो दहा मिनिटांत मंजूर केला होता, त्यांना दुरुस्त करायला दीड तास लागला. रात्री अनामत न घेण्याचा स्वतःचाच ठराव वाचून दाखवल्यावर दोघं बाहेर निघून गेले. एका वयस्कर सदस्यांनी मात्र उभं राहून सांगितलं की चूक आमची आहे, ठराव आम्ही केला आणि फास कारकुनाला लावला. इतिवृत्तात ते वाक्य यायला हवं होतं. मसुद्यात होतं, पक्क्या इतिवृत्तात "चर्चा झाली" एवढंच उरलं.

लेखापरीक्षकांचं वागणं, माझ्या मते, सगळ्यांत स्वच्छ होतं. स्थानिक निधी लेखापरीक्षेची माणसं म्हणजे आमच्यासाठी धास्ती, पण हे गृहस्थ भिजलेले कागद उजेडात धरून एकेक बघत होते. २६ मान्य केले, १४ मान्य केले, भरलेले ५ मान्य केले. त्यांनी फक्त एक विचारलं: सभेच्या ठरावानं नियमाला सुट्टी देता येते का? उत्तर नाही असंच होतं. रात्रीची अनामत त्या महिन्यापासून पुन्हा सुरू झाली. पलीकडच्या नाक्यावर रोकड ठेवायची नाही म्हणून चालकाला परताव्याची चिठ्ठी मिळायची, आणि ती दाखवून सकाळी कचेरीतून किंवा पुढच्या खेपेला नाक्यावर पैसे. चालकांनी आरडाओरडा केला, पण महिनाभरात रुळले. रोज सकाळी एक शिपाई सायकलवरून तारेतले कागद घेऊन यायचा आणि दोन्ही नाक्यांची पुस्तकं समोरासमोर जुळवली जायची. हा सायकलीचा नियम मुख्याधिकाऱ्यांनी घातला. त्यानंतर असा आक्षेप कधी आला नाही. अप्पांच्या जागी कायम कारकून मात्र चार वर्षांनी आला, आणि अप्पांना तोवर रोजंदारीवरच ठेवलं.

दोन पास

राहिले दोन. एक सिमेंटचा, १०० पोत्यांचा, जकात ७६ रुपये. दुसरा साखर कारखान्याच्या लोखंडी सुट्या भागांचा, १३८ रुपये. प्रती सापडल्या नाहीत, पुढच्या गावची नोंद सापडली नाही. ते २१४ रुपये अण्णांच्या पगारातून महिना २० प्रमाणे कापायचे ठरले. सगळ्यांना वाटलं, ६,३१२ चे २१४ झाले, केवढी मोठी सुटका. अण्णांनाही तसंच वाटलं. त्यांनी कचेरीत पेढे वाटले.

पण आमच्या गावात साखर कारखाना नव्हता. कारखान्याचे रोलर घेऊन आलेला ट्रक आमच्या बाजारात काय उतरवणार होता? तो पुढं गेला हे कुणालाही कळलं असतं. कारखान्याच्या फाटकावर आवक नोंद असते, तिथं जाऊन तारीख बघायची होती, झालं असतं काम. माझे प्रवासभत्त्याचे दोन दिवस संपले होते, टिपणीची मुदत दुसऱ्या दिवशी होती, आणि १३८ रुपयांसाठी आणखी एक दिवस मागायचा मला संकोच वाटला. स्वतःच्या खिशातून एसटीचं तिकीट काढून जाता आलं असतं. मी गेलो नाही.

पगारबिल मीच लिहायचो. अकरा महिने मी त्या रकान्यात कपात मांडली, दहा वेळा २० आणि शेवटी १४. शेवटच्या महिन्यात अण्णा माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "आता कपात संपली असं लिहून द्या मला. सहीशिक्क्यानिशी."

१९९९ मध्ये राज्यातल्या नगरपालिकांची जकात गेली आणि तिच्या जागी सरकारचं अनुदान आलं. मोठ्या शहरांत ती आणखी काही वर्षं राहिली, मग एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आणि २०१७ पासून वस्तू व सेवा कर. नाके बंद झाल्यावर जुनी पुस्तकं वर्गवारीनं लावून नष्ट करायच्या यादीत घालायचं काम माझ्याकडे आलं. त्या दोन पासांच्या स्थळप्रती मी वेगळ्या काढल्या होत्या. अण्णा तोवर निवृत्त होऊन सोलापुरात मुलाकडे राहायला आले होते. मी दोन्ही प्रती पाकिटात घालून त्यांच्याकडे नेल्या, कारखान्याच्या मालाचं सगळं सांगितलं आणि तेव्हा जायला हवं होतं असंही सांगितलं. त्यांनी चष्मा लावून आपली सही बघितली, ट्रकचा नंबर वाचला आणि आत जाऊन एक घडी घातलेला कागद आणला. मी लिहून दिलेला दाखला होता. त्यांनी तिन्ही कागद एकत्र टाचणीनं लावले आणि पाकीट कपाटात ठेवलं.